भाऊबंदकीचं बेट

व्हायकिंगांच्या डोक्यावर शिंगं नव्हती. ही वाईट बातमी सुरुवातीलाच सांगून टाकतो. शेवटी सांगितली तर तुम्ही म्हणाल, एवढं वाचून पदरात हेच पडलं का!

चित्रातला व्हायकिंग तुम्हांला ठाऊक आहे. तांबडी दाढी, हातात कुऱ्हाड, तोंडात आरोळी आणि शिरस्त्राणाला बैलाची दोन शिंगं. ही शिंगं उगवली १८७६ साली, जर्मनीतल्या बायरॉइटच्या रंगमंचावर. रिचर्ड वाग्नरच्या संगीतिकांसाठी कार्ल एमिल डोप्लर नावाच्या चित्रकारानं पोशाख तयार केले आणि काही पात्रांच्या डोक्यावर शिंगं चढवली. लोकांना ती इतकी आवडली, की मग उतरलीच नाहीत. आपल्याकडेही इतिहासातल्या पुष्कळ माणसांचे पोशाख इतिहासकारांनी कुठे ठरवलेत? ते ड्रेपरीवाल्यानंच ठरवले. नॉर्वेत १९४३ साली येर्मुंडबू इथे त्या काळातलं एक खरंखुरं शिरस्त्राण तुकड्यातुकड्यांत सापडलं. जोडून पाहिलं तर चांगली गोल लोखंडी टोपी निघाली. डोळ्यांपुढे चष्म्यासारखी पट्टी होती. शिंगं नव्हती. आणि साधा विचार करा, तीस माणसं खेटून बसलेल्या होडीत वल्ही मारताना प्रत्येकाच्या डोक्याला शिंगं असती, तर इंग्लंडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत निम्मे लोक एकाक्ष झाले असते.

बाकी बदनामी मात्र बरीचशी खरी आहे. ७९३ साली त्यांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला आणि पुढची अडीचशे-तीनशे वर्षं युरोपची झोप उडवली. फक्त एक अडचण होती. त्या काळी लिहिता येत होतं ते मठातल्या पाद्र्यांना, आणि लुटले जात होते तेही तेच. ज्याच्या घरावर दरोडा पडला त्यानंच दरोडेखोराचं चरित्र लिहायचं म्हटल्यावर त्यात कौतुक कुठून येणार? तरीही एका इंग्रज बखरकाराच्या लेखणीतून जाताजाता एक तक्रार निसटली आहे. हे डेन लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी अंघोळ करतात, कपडे वरचेवर बदलतात आणि त्यामुळे आमच्या बायका त्यांच्याकडे ओढल्या जातात, असं त्याचं म्हणणं. तलवारीची भीती वाटत होतीच, पण खरा राग होता तो कंगव्यावर! उत्खननात हाडाचे आणि शिंगाचे कंगवे ढिगानं सापडतात. म्हणजे शिंगं होती, फक्त डोक्यावर नव्हती, खिशात होती. आणि स्वीडन-नॉर्वेत शनिवारच्या नावाचा मूळ अर्थच ‘अंघोळीचा वार’ असा आहे. आपण शनिवारी मारुतीला तेल घालतो. ते लोक स्वतःला पाणी घालत. ज्याची त्याची रीत.

हिंडण्याफिरण्याचं म्हणाल तर त्यांना धरबंध नव्हता. रशियातल्या नद्यांतून होड्या हाकत ते कॉन्स्टँटिनोपलला गेले, तिथे बादशहाच्या पदरी पहारेकरी म्हणून राहिले, आणि हाग्या सोफियाच्या संगमरवरी कठड्यावर आपली नावं कोरून ठेवली. हाल्फदान नावाच्या एका गृहस्थाची खूण अजून दिसते. ‘मी येथे आलो होतो’ हे भिंतीवर कोरण्याची खोड फक्त आपल्याच सहलीवाल्यांना आहे असं समजून कुणी लाजू नये. पश्चिमेला ते ग्रीनलंड ओलांडून थेट अमेरिकेपर्यंत पोचले. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये त्यांची वस्ती सापडली आहे आणि तिथलं लाकूड १०२१ साली तोडलेलं होतं, हे २०२१ साली शास्त्रज्ञांनी झाडाच्या वर्तुळांवरून सिद्ध केलं. स्वीडनमधल्या हेल्ग्यो बेटावर तर १९५० च्या दशकात चक्क बुद्धाची एक छोटीशी ब्राँझची मूर्ती सापडली. सहाव्या शतकातली, आपल्या उपखंडाच्या वायव्य कोपऱ्यात घडवलेली. आता ती स्टॉकहोमच्या संग्रहालयात शांत बसली आहे. ती किती हातांतून, किती बाजारांतून गेली असेल हे तिचं तिला ठाऊक. ती सांगत नाही, बुद्धच तो.

पण मला या मंडळींबद्दल जिव्हाळा वाटू लागला तो त्यांच्या आरमारामुळे नव्हे, की कंगव्यांमुळेही नव्हे. तो वाटू लागला त्यांच्या कोर्टकचेऱ्यांमुळे. मी मूळचा कोकणातला. आमच्याकडे माणूस बांधावरच्या फणसासाठी जेवढा शूर होतो, तेवढा देशासाठी होतोच असं नाही. आमच्या एका चुलत आजोबांनी दीड गुंठ्याच्या दाव्यापायी सहा गुंठे विकले आणि दावा जिंकल्यावर गावजेवण घालून आणखी दोन विकले. लहानपणी ‘मुद्दई’, ‘तहकूब’, ‘अपील’ हे शब्द मी ‘श्रीगणेशा’च्या आधी शिकलो. त्यामुळे आइसलंडच्या जुन्या गोष्टी वाचायला घेतल्या तेव्हा मला परक्या मुलखात आल्यासारखं वाटलंच नाही. फक्त आंब्याच्या जागी मासे होते आणि पावसाच्या जागी बर्फ.

आइसलंड हे नवव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ निर्मनुष्य बेट होतं. ८७० च्या सुमारास नॉर्वेहून लोक तिथे जाऊ लागले. इन्गोल्फ आर्नारसन हा पहिला कायमचा रहिवासी मानतात. किनारा दिसताच त्यानं आपल्या घरच्या मानाच्या आसनाचे कोरीव खांब समुद्रात टाकले आणि जाहीर केलं की, हे जिथे लागतील तिथे मी घर बांधणार. खांब टाकायला काय जातं? शोधत फिरायचं होतं दोघा गुलामांना. त्यांना ते खांब सापडेपर्यंत तिसरा हिवाळा उजाडला. त्यांपैकी एकाचं नाव होतं कार्ली, आणि बोलणंही नावाला शोभेल असंच होतं. चांगली चांगली गवताळ खोरी मागे टाकून शेवटी या भिकार टोकावर राहायचं, तर एवढी पायपीट कशाला केली, असं तो म्हणाला आणि पळून गेला. ज्याला तो भिकार टोक म्हणाला त्याचं नाव रेक्याविक. आज ती राजधानी आहे. दुसरा गुलाम काही बोलला नाही. त्याला मालकानं मोकळं केलं. न बोलण्याचे फायदे सगळ्याच देशांत सारखे.

मग गर्दी वाढली, आणि जमीन कुणी किती घ्यायची याचा नियम करावा लागला. पुरुषानं सकाळी एक जाळ पेटवायचा, धूर दिसेल एवढ्या अंतरावर दुसरा, मग तिसरा, असं करीत सूर्य मावळेपर्यंत जेवढ्याला वळसा घालेल तेवढी जमीन त्याची. बाईसाठी नियम निराळा. तिनं वसंतातल्या दिवशी दोन वर्षांची चांगली पोसलेली कालवड घेऊन सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालायचं. जेवढ्याला फेरी होईल तेवढी जमीन तिची. कालवडीबरोबर चाललेल्या माणसाचा दिवसाचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याला यातली मेख लगेच कळेल. कालवड चालते थोडी, थांबते फार. वामनाला तीन पावलं मिळाली होती, तीही कालवडीशिवाय; तो सुटला.

तरी या बायका काही कमी नव्हत्या. औद नावाची एक विधवा होती. मुलगा स्कॉटलंडात लढाईत पडला, तेव्हा तिनं रानात गुपचूप जहाज बांधून घेतलं, वीस माणसं, नातवंडं आणि सगळी चीजवस्तू भरली आणि निघाली. वाटेत ऑर्कनी बेटांवर एका नातीचं लग्न लावलं, फेरो बेटांवर दुसरीचं. समुद्रातून पळून जातानाही स्थळं बघणारी ही आजी आइसलंडात पोचली. तिथे तिनं अख्खं खोरं ताब्यात घेतलं आणि बरोबरच्या गुलामांना मोकळं करून त्यांना जमिनी वाटल्या. असं एकेकाचं बयाजवार वर्णन ‘लान्दनामाबोक’ या ग्रंथात आहे. चारशेहून अधिक मूळ कुटुंबांची नोंद, कोण कुठून आला आणि कुठल्या ओढ्यापासून कुठल्या टेकाडापर्यंत त्यानं जमीन धरली, यासह. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या देशाचा सातबारा.

त्यातली टोपणनावं वाचताना तर गावाकडच्या पारावर बसल्यासारखं वाटतं. चपट्या नाकाचा केटिल. बिनहाडांचा ईवार. डेन्मार्कचा राजा निळ्या दाताचा हाराल्द, ज्याच्या नावानं आज तुमचा-आमचा फोन कानातल्या यंत्राशी बोलतो. एक ओल्विर होता, त्याला ‘पोरांचा माणूस’ म्हणत. ऐकून वाटतं, गृहस्थ मुलांना खाऊ वाटत असेल. तसं नाही. त्या काळी लुटीच्या वेळी तान्ही मुलं भाल्यांच्या टोकांवर झेलण्याची चाल होती. यानं ती करू दिली नाही. म्हणून सोबत्यांनी थट्टेनं हे नाव ठेवलं.

आडनावं नव्हतीच, अजूनही बहुतेकांना नाहीत. बापाच्या नावाला मुलासाठी ‘सोन’ आणि मुलीसाठी ‘दोत्तिर’ जोडलं की झालं. बाईचं नाव लग्नानंतरही बदलत नाही. टेलिफोनची यादीसुद्धा त्यांच्याकडे पहिल्या नावाच्या अनुक्रमानं छापत. आपल्याकडे अशी यादी छापली असती, तर नुसत्या ‘सुरेश’साठी वेगळा खंड काढावा लागला असता.

हे सगळं गमतीचं, पण एक गोष्ट पुसता येत नाही. त्या बेटावरच्या बायकांपैकी पुष्कळशा आपल्या मर्जीनं आलेल्या नव्हत्या. आजच्या आइसलंडकरांच्या रक्ताच्या तपासणीतून असं निघालं की, त्यांच्या मूळ पुरुषांपैकी बहुतेक नॉर्वेकडचे, पण मूळ स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या. जुन्या गोष्टींत त्यांतली एक भेटते, मेल्कोर्का. होस्कुल्द नावाच्या बड्या शेतकऱ्यानं तिला बाजारात तीन मार्क चांदीला विकत घेतलं. इतर दासींचा भाव एक मार्क होता. विकणाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, मालात एक खोट आहे, ही मुकी आहे. घरी आणली. मुलगा झाला. दोन वर्षं होऊन गेली, आणि एका सकाळी होस्कुल्द शेताकडे निघाला असताना ओढ्याकाठून बोलण्याचा आवाज आला. मेल्कोर्का आपल्या मुलाशी बोलत होती. मुकी नव्हतीच. ती आयर्लंडच्या एका राजाची मुलगी होती आणि पंधराव्या वर्षी पकडली गेली होती. ज्यांनी विकत घेतलं त्यांच्याशी एक अक्षरही बोलायचं नाही, एवढंच तिच्या हातात उरलं होतं आणि ते तिनं वर्षानुवर्षं पाळलं. मग एक दिवस होस्कुल्दच्या बायकोनं तिच्या तोंडावर पायमोजे मारले, तेव्हा तिनं बाईंच्या नाकावर अशी ठोश्याची मोहोर उमटवली की रक्त आलं. त्यानंतर होस्कुल्दनं दोघींसाठी दोन घरं केली. या बाबतीत जगभरचे पुरुष एकाच शाळेत शिकलेले दिसतात.

आता कोर्टाकडे वळू. ९३० साली या लोकांनी थिंगवेत्लिर इथे एक सभा भरवायला सुरुवात केली. तिचं नाव आल्थिंग. दर उन्हाळ्यात दोन आठवडे सगळा देश तिथे लोटायचा. दगडमातीच्या भिंतींवर कापड ताणून राहुट्या ठोकायच्या आणि दावे लढायचे. शिवाय सोयरिकी जमवायच्या, घोडे विकायचे, ब्रूवरी म्हणा मदिरालय म्हणा, तेही चालू. म्हणजे जिल्हा न्यायालय, जत्रा आणि वधूवर मेळावा एकाच मैदानात. देशाला राजा नव्हता. गोदी नावाचे तीस-चाळीस पुढारी होते (ही गोदी मुंबईची नव्हे) आणि कुठल्या गोदीच्या मागे उभं राहायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कायदा लिहिलेला नव्हता. तो पाठ असलेला एक माणूस निवडत. तीन वर्षांची मुदत. दर वर्षी कायद्याचा एक तृतीयांश भाग त्यानं सर्वांसमोर खडकावर उभं राहून म्हणून दाखवायचा. आपले घनपाठी वेद म्हणत, त्यांचे घनपाठी दिवाणी आणि फौजदारी म्हणत. १११७ च्या हिवाळ्यात हे कायदे प्रथम लिहायला घेतले, तोवर सगळा कारभार तोंडी.

या पद्धतीत बुद्धी किती होती ते इसवी सन १००० च्या सुमारास दिसलं. निम्मा देश ख्रिस्ती होऊ पाहत होता, निम्मा थोर-ओदिनला सोडायला तयार नव्हता. दोन्हीकडचे लोक हत्यारं घेऊन आल्थिंगला आले. शेवटी दोघांनी मिळून निर्णय सोपवला कायदेपाठी थोरगेरवर, आणि हा स्वतः जुन्या देवांचा. तो राहुटीत गेला, अंगावर पांघरूण ओढलं आणि एक दिवस, एक रात्र तसाच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी उठून त्यानं सांगितलं: देशात कायदा एकच हवा, म्हणून सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं. मात्र घोड्याचं मांस खायला हरकत नाही, आणि जुन्या देवांना कुणी चोरून नैवेद्य दाखवला तर चालेल, साक्षीदार तेवढा असता कामा नये. नको असलेलं मूल उघड्यावर टाकण्याची मुभाही राहिली. तडजोडीला हीही किंमत होती. लोक घरी गेले. रक्त सांडलं नाही. पांघरूण घेऊन पडून राहिल्यानं प्रश्न सुटतात असं मी घरात कैक वर्षं सांगत आलो आहे. हा आधार मला फार उपयोगी पडतो.

पण या सुंदर यंत्रात एक चाक बसवायचंच राहून गेलं होतं. कोर्ट होतं, पोलीस नव्हता. निकाल लागायचा, अंमलबजावणी करणारा कुणी नव्हता. जिंकलेल्यानंच आपला निकाल बगलेत मारून हरलेल्याच्या दारात जायचं. मोठी शिक्षा म्हणजे बहिष्कृती. बहिष्कृताला कुणी थारा द्यायचा नाही आणि कुणीही ठार मारलं तरी गुन्हा नाही. या शिक्षेचं नाव होतं ‘रानात जाणे’. आइसलंडात धड रान नाही हा भाग वेगळा. नॉर्वेहून येताना शब्द बरोबर आणले, झाडं तिकडेच राहिली. खुनाचेही दोन प्रकार असत. माणूस मारून जवळच्या घरी जाऊन, मी अमक्याला मारलं, असं सांगितलं तर तो साधा मनुष्यवध. त्याची भरपाई चांदीनं होई. लपवलं तर तो खून, आणि ती नीच गोष्ट. जवळचं घर मृताच्या नातेवाइकाचं असेल तर ते सोडून पुढच्या घरी जायला परवानगी होती. कायदा करणाऱ्यांना मनुष्यस्वभाव कळत होता.

हे सगळं आपल्याला समजतं ते तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘सागां’मधून. सागा म्हणजे सांगितलेली हकिगत. आपल्या ‘सांगणे’शी तिचं काही नातं नाही, पण बसतं मात्र फक्कड. घटना घडल्यावर दोन-अडीचशे वर्षांनी लिहिल्या गेल्यानं त्यांतला शब्द न् शब्द इतिहास म्हणून कुणी घेत नाही. पण ती माणसं खरी वाटतात. वासराच्या कातड्यावर लिहिलेली ही पुस्तकं. त्यांतल्या सर्वांत मोठ्याला शंभराहून अधिक वासरं लागली. पुढे वाईट दिवस आले तेव्हा लोकांनी कातडं म्हणूनच त्यांचा उपयोग केला. एक पान तर कपडे बेतायच्या नमुन्यासाठी कापलेलं सापडलं. अर्नी माग्नुसोन या विद्वानानं घरोघर हिंडून हे सगळं गोळा केलं आणि कोपनहेगनला नेलं. तिथे १७२८ साली आग लागून काही जळालं. उरलेल्यांपैकी पहिली दोन पुस्तकं २१ एप्रिल १९७१ रोजी डेन्मार्कच्या आरमाराच्या जहाजातून आइसलंडला परत आली, तेव्हा बंदरावर हजारो लोक जमले होते. दोन पुस्तकांसाठी! आपल्याकडे वाचनालयाचं पुस्तक परत आलं, तर ग्रंथपालाशिवाय कुणाला आनंद होत नाही.

या सागांतली सर्वांत मोठी न्यालची. न्याल हा देशातला सर्वांत हुशार वकील. त्याला दाढी येत नव्हती, आणि दाढीवाल्यांच्या देशात ही फार मोठी उणीव. त्याचा जिवलग मित्र गुन्नर, सर्वांत मोठा योद्धा. दोघांची मैत्री अभंग. पण एका मेजवानीत न्यालची बायको बेर्गथोरा आणि गुन्नरची बायको हाल्गेर्द यांच्यात कुणी कुठे बसायचं यावरून जुंपली. पाटावरून आणि मानावरून आपल्या लग्नकार्यांत काय होतं ते सांगायला नकोच. इथे पुढची पायरी अशी की, हाल्गेर्दनं न्यालचा एक नोकर मारवला. गुन्नरनं ओशाळून मित्राला बारा औंस चांदी भरून दिली. बेर्गथोरानं गुन्नरचा माणूस मारवला. न्यालनं तीच बारा औंसांची पिशवी आणून दिली आणि गुन्नरनं ती ओळखली. मग भाव वाढला. शंभर इकडून तिकडे, तेच शंभर तिकडून इकडे. पुढे दोनशे. नवरे शहाणे, सभ्य, दिलगीर, पिशवी तीच, मरणारी माणसं मात्र दर वेळी नवी. आधी नोकर, मग घरचे, मग नातलग. वाचताना पहिल्या फेऱ्यांत मी हसलो. चौथ्या फेरीला हसू कधी थांबलं ते कळलं नाही.

गुन्नर पुढे अशाच भानगडीत सापडला. तडजोड झाली ती अशी, की त्यानं तीन वर्षं देशाबाहेर जावं. निघाला. बंदराच्या वाटेवर घोडा अडखळला, म्हणून खाली उडी मारली आणि सहज मान वर करून पाहिलं तर डोंगराच्या उतारावर त्याचं शेत, घर. ते इतकं देखणं त्याला पूर्वी कधी दिसलं नव्हतं. तो माघारी फिरला. शत्रूंनी घर वेढलं. गुन्नर एकटा धनुष्यानं लढत होता, पण त्याची दोरी तुटली. त्यानं हाल्गेर्दकडे तिच्या लांब केसांच्या दोन बटा मागितल्या, दोरी वळायला. पूर्वी एकदा तिनं दुष्काळात शेजाऱ्याचं चीज चोरून आणवलं म्हणून त्यानं तिच्या थोबाडीत मारली होती. तिनं त्या थपडेची आठवण दिली आणि बटा दिल्या नाहीत. त्यानं पुन्हा मागितल्या नाहीत.

न्यालची गोष्ट याहून अवघड. त्याच्या मुलांनी हकनाक होस्कुल्द नावाच्या एका भल्या माणसाला मारलं. (मघाचा मेल्कोर्कावाला होस्कुल्द वेगळा, नावांची टंचाई आपल्याकडेही आहेच.) हा होस्कुल्द न्यालनंच पोटच्या पोरासारखा वाढवलेला. त्याची तरुण विधवा हिल्दीगुन् हिनं नवऱ्याचा रक्ताळलेला झगा आपला चुलता फ्लोसी याच्या अंगावर फेकला आणि सूड मागितला. तरी फ्लोसी आल्थिंगला तडजोडीला तयार झाला. तिप्पट भरपाई ठरली. सगळ्यांनी मिळून चांदीचा ढीग जमवला. झालं, मिटलं, अशा क्षणी न्यालला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ढिगावर आणखी एक रेशमी झगा ठेवला. फ्लोसीनं विचारलं, हा कुणी ठेवला? कुणी उत्तर देईना. फ्लोसीला वाटलं, आपली थट्टा चालली आहे. त्यानं न्यालच्या बिनदाढीवर काहीतरी घाण बोललं, न्यालच्या थोरल्यानं त्याहून घाण उत्तर दिलं आणि ढीग लाथेनं उडाला. एका जास्तीच्या झग्यानं! आमच्याकडे मिटत आलेले दावे शेवटच्या चहाच्या कपावरून फिसकटलेले मी पाहिले आहेत. म्हणून मला हे अशक्य वाटत नाही.

फ्लोसीनं शंभर माणसं घेऊन न्यालच्या घराला आग लावली. बायका, मुलं, नोकर यांना बाहेर येऊ दिलं. न्यालला आणि बेर्गथोरालाही बाहेर बोलावलं. न्याल म्हणाला, मी म्हातारा झालो, मुलांचा सूड घेण्याचं बळ नाही, आणि लाज घेऊन जगायचं नाही. बेर्गथोरा त्याला सोडून येईना. आजीनं नातवाला, तू तरी जा म्हटलं, तर तो म्हणाला की आजी, आपण कधी वेगळं व्हायचं नाही असं तूच सांगितलं होतंस. तिघं बिछान्यावर आडवे झाले आणि वरून बैलाचं कातडं ओढून घ्यायला लावलं. जावई कारी तेवढा जळते केस घेऊन धुरातून निसटला. तो नातू त्याचा मुलगा.

आता खटला. फिर्यादींच्या बाजूचा खरा वकील थोरहाल, न्यालच्या हाताखाली कायदा शिकलेला. पण नेमकं त्याच वेळी त्याच्या पायाला मांडीएवढं गळू आलं होतं. त्याला राहुटीतून हलता येईना. मग निरोप्यांची पळापळ. कोर्टात प्रतिपक्ष मुद्दा काढी, निरोप्या धावत राहुटीत, थोरहाल तोड सांगे, निरोप्या धावत कोर्टात. अमका पंच नात्यातला आहे, तमका स्वतःचं घर नसलेला आहे, म्हणून अपात्र. नाही, तो पात्रच आहे, कारण त्याच्या गाई आहेत. पानंच्या पानं हे चालतं. माणसं जळून गेली आणि चर्चा गाईंवर. शेवटी खटला पाचव्या न्यायालयात गेला. हे वरिष्ठ न्यायालय न्यालच्याच सल्ल्यानं स्थापन झालं असं सागा सांगते. तिथे अठ्ठेचाळीस न्यायाधीश. प्रत्येक पक्षानं सहा वगळायचे आणि छत्तिसांनी निकाल द्यायचा. प्रतिवादीनं आपले सहा वगळले नाहीत, तर तेही वादीनंच वगळायचे. हे वगळायचं राहिलं. बेचाळिसांनी निकाल दिला, म्हणून निकाल रद्द, उलट फिर्यादीच गुन्हेगार! निरोप्यानं राहुटीत येऊन हे सांगितलं. थोरहाल काही बोलला नाही. उठला, भाला घेतला, आपल्याच पायातल्या गळूत खुपसला, आणि जराही न लंगडता चालत न्यायालयाकडे गेला. वाटेत फ्लोसीचा जो पहिला नातलग भेटला त्याला त्यानं त्याच भाल्यानं मारलं. मग आल्थिंगच्या पवित्र मैदानावर सगळेच एकमेकांवर तुटून पडले.

देशातला सर्वांत चांगला कायदा जाणणारा माणूस जेव्हा कायदा टाकून भाला उचलतो, तेव्हा देशाचं काय होणार ते दिसतच होतं. व्हायला मात्र वेळ लागला. तेराव्या शतकात चार-पाच घराण्यांनी आपसांत लढून बेट रक्तानं न्हाऊ घातलं. सागांच्या काळातला सर्वांत मोठा लेखक आणि दोनदा कायदेपाठी झालेला स्नोरी स्तुरलुसोन १२४१ साली आपल्याच घराच्या तळघरात मारला गेला. १२६२ ते १२६४ या काळात थकलेल्या आइसलंडनं नॉर्वेच्या राजाचं स्वामित्व कबूल केलं. ज्या राजांच्या जाचाला कंटाळून आपले पूर्वज पळाले असं ते सांगत आले होते, त्याच गादीपुढे मान तुकवली.

पण त्या मैदानावरच्या मारामारीच्या दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली, ती राहिली. फ्लोसीचा सासरा हाल, म्हातारा, शांत माणूस. त्या गोंधळात त्याचा मुलगा ल्योत मारला गेला होता. हाल उभा राहिला आणि म्हणाला, मिटावं म्हणून मी माझ्या मुलाची भरपाई मागत नाही. ज्या देशात नोकराच्या जिवाचीही चांदी मोजून घेत, तिथे हे बोलणं म्हणजे स्वतःच्या अब्रूवर पाणी सोडणं. सभा थोडा वेळ गप्प राहिली. मग लोकांनी आपापल्या कमरेच्या पिशव्या सोडल्या. हालच्या मुलासाठी म्हणून जमलेली चांदी मोजली तेव्हा ती एका माणसाच्या भरपाईच्या चौपट भरली.

कारी मात्र मिटवायला तयार नव्हता. त्याचं मूल त्या कातड्याखाली गेलं होतं. तो जाळणाऱ्यांना हुडकत देशोदेशी फिरला, एकेकाला गाठून मारत. कैक वर्षांनी परत येताना त्याचं जहाज आइसलंडच्या किनाऱ्यावर फुटलं, नेमकं फ्लोसीच्या गावापाशी. बाहेर बर्फाचं वादळ. सोबत्यांनी विचारलं, आता कुठे जायचं? कारी म्हणाला, फ्लोसीच्या घरी, बघू तरी माणूस किती मोठा आहे ते. फ्लोसी बैठकीत बसला होता. त्यानं कारीला ओळखलं, उठला, त्याला मिठी मारली आणि आपल्या शेजारच्या आसनावर बसवलं. हिवाळाभर ठेवून घेतलं. पुढे कारीचं लग्न झालं, ते हिल्दीगुन्शी. जिनं तो रक्ताळलेला झगा फेकला होता तिच्याशी.

फ्लोसी म्हातारपणी घरासाठी लाकूड आणायला नॉर्वेला गेला. परतायला उशीर झाला. लोक म्हणाले, हे जहाज समुद्रात घालण्याजोगं राहिलेलं नाही. मरायला टेकलेल्या म्हाताऱ्याला एवढं पुरे, असं म्हणून त्यानं लाकडं भरली आणि शीड वर चढवलं. त्या जहाजाची पुढे काहीच बातमी आली नाही.